डबक्याच्या काठाशी: आंबोलीतले चार पावसाळी दिवस

पावसाच्या पहिल्या सरींनंतर आंबोलीचा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे पठार, कसा जागा होतो, हे मी आजवर इतरांच्या छायाचित्रांतच पाहिले होते. गेल्या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाला शिकणारा माझा भाचा हट्टालाच पेटला, "मावशी, या वर्षी नाही तर कधीच नाही," आणि आम्ही दोघे मॅक्रो लेन्स, दोन टॉर्च आणि गुडघ्यांना लावायचे पॅड घेऊन निघालो. सात वर्षे मी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर कोळी, नाकतोडे आणि पाली यांची जवळून छायाचित्रे काढत आले आहे, पण पाण्याने निथळणाऱ्या जंगलात कॅमेरा चालवण्याचा अनुभव नव्हता. या चार दिवसांत काय पाहिले आणि काय चुकले, ते तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिला दिवस: घाट, धुके आणि चापडा

सावंतवाडी रोड स्थानकावर पहाटे उतरलो तेव्हा आभाळ नुसते भरलेले होते. दाणोली मागे पडली आणि घाट सुरू झाला तसा पाऊस आणि धुके एकदमच आले. साधारण ७०० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, हे आकडे वाचून माहीत होते. गाडीच्या काचेपलीकडचा रस्ता दिसेनासा झाल्यावर त्यांचा अर्थ कळला.

पहिली चूक इथेच झाली. गाडीत वातानुकूलन चालू होते आणि कॅमेऱ्याची बॅग थंड झाली होती. मुक्कामाच्या घरी पोहोचताच मी उत्साहाने कॅमेरा बाहेर काढला आणि लेन्सच्या आतून-बाहेरून बाष्प धरले. जवळजवळ पाऊण तास काहीच करता आले नाही. दमट हवेच्या ठिकाणी पोहोचल्यावर बॅग बंदच ठेवून तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे, मगच उघडावी. सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत ठेवाव्यात आणि त्या रोज रात्री कोरड्या करून घ्याव्यात. आम्ही त्या चुलीजवळ ठेवत होतो.

घर एका काकूंचे होते. त्यांनी जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची भाजी वाढली. सोबत येणारे वाटाडे दादा शेती सांभाळून पावसाळ्यात पाहुण्यांना जंगल दाखवतात. चाळिशीतला, हळू बोलणारा माणूस. निघण्यापूर्वी त्यांनी आम्हा दोघांना हात साबणाने स्वच्छ धुवायला लावले आणि हातापायांना लावलेले डासांचे मलमही पुसून टाकायला सांगितले. बेडकाची त्वचा श्वसनही करते आणि पाणीही शोषून घेते, त्यामुळे आपल्या हातावरचे रसायन थेट त्याच्या शरीरात जाते. बेडकाला हात लावायचाच नाही, हा नियम आम्ही आधीपासून पाळत होतो. पण ज्या पानावर आपण हात टेकतो, त्याच पानावर थोड्या वेळाने बेडूक येऊन बसतो, हा विचार मी कधी केला नव्हता.

दुपारी ओढ्याकाठच्या झुडपात दादांनी बोटाने नव्हे, टॉर्चच्या प्रकाशाने एक जागा दाखवली. मला नुसती वाळकी पाने दिसत होती. डोळे सरावल्यावर त्या पानांतून एक त्रिकोणी डोके वेगळे झाले. तो मलबारी चापडा होता, तपकिरी अंगाचा. याच जातीचे साप हिरवे आणि पिवळसरही असतात. हा साप भक्ष्याची वाट पाहत एकाच फांदीवर दीर्घ काळ बसून राहतो, त्यामुळे छायाचित्रकाराला घाई करण्याचे कारणच नसते. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध असलेला खोलगट खड्डा, ज्याने तो उष्णता जाणतो, मी दीड मीटर अंतरावरून लेन्समधून पाहिला. त्या खड्ड्याच्या कडेला पाण्याचा एक थेंब लोंबत होता आणि तो पडेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगते. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर बनवलेली आहे. चापडा त्या चारांत नाही. त्यामुळे या सापाचे छायाचित्र घेताना अगदी जवळ जाऊन लेन्सची पूर्ण ताकद वापरण्याचा मोह धरू नये. लांबून घ्यावे आणि नंतर चौकट कापून घ्यावी. आजच्या कॅमेऱ्यांत तेवढा तपशील सहज मिळतो.

रात्री आठनंतर आम्ही रस्त्याकडेच्या पाणथळीपाशी गेलो. वर झुकलेल्या फांद्यांवर मलबारी उडते बेडूक जमले होते. हिरवेगार अंग आणि बोटांमधल्या पडद्यांवर शेंदरी रंग. पाण्यावर झुकलेल्या पानांवर एक जोडी फेसाचे घरटे बांधत होती. मादी अंगातून स्रवणारा चिकट द्रव मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते, त्यात अंडी सोडते, आणि बाहेरचा थर सुकून आतला ओलावा धरून ठेवतो. पिल्ले तयार झाली की ती फेसातून थेट खालच्या पाण्यात पडतात. तिचे पाय ताक घुसळणाऱ्या हातांसारखे एका लयीत चालले होते. भाच्याने फक्त सहा वेळा फ्लॅश वापरला आणि कॅमेरा खाली ठेवला. नंतर बराच वेळ आम्ही लाल प्रकाशात नुसते पाहत बसलो. मला त्याचा अभिमान वाटला.

परतताना दादा गाडीत बसले नाहीत. पहिल्या पावसात रस्त्यावर बेडूक उतरतात आणि चाकांखाली चिरडतात, म्हणून ते टॉर्च घेऊन गाडीपुढे चालत राहिले आणि जिथे बेडूक दिसेल तिथे गाडी थांबवत, तो स्वतःहून पलीकडे जाईपर्यंत वाट पाहत. अर्ध्या किलोमीटरला पंचवीस मिनिटे लागली.

दुसरा दिवस: सड्यावरचे डबके

रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे चार वाजता दादा खोळ पांघरून दारात उभे होते. "पावस इलो काय आपसूक भायर येतत. आज गावतले," ते म्हणाले. ज्याच्यासाठी आम्ही खरे तर आलो होतो, तो आंबोली टोड.

या भेकाविषयी थोडे सांगायला हवे. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि त्याच्यासाठी झँथोफ्रायने ही नवी प्रजाती (जीनस) सुचवली. त्याचा जवळचा भाऊबंद कोयनेच्या परिसरात आढळतो. अंगाच्या बाजूंवर असलेल्या पिवळ्या पट्ट्यांवरून याचे नाव टायगरिना पडले. त्याचा वावर आंबोलीच्या परिसरापुरताच ज्ञात आहे आणि जागतिक लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. पहिल्या पावसात सड्यावरच्या जांभ्यातल्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते, आणि हा काळ फार थोड्या दिवसांचा असतो.

सड्यावर पाऊल ठेवताच दादांनी टॉर्च जमिनीकडे वळवला आणि आम्हाला त्यांच्याच पावलांवर पाऊल टाकायला सांगितले. जांभ्याच्या खडकात पसाभर पाण्याची असंख्य डबकी होती आणि कोणत्या डबक्यात अंडी असतील, हे चालताना कळत नाही. एका बुटाने पुढच्या वर्षीचे कितीतरी भेक संपतात. हे सगळ्यात महत्त्वाचे आहे आणि बहुतेक छायाचित्रकार नेमके इथेच चुकतात: डोळे कॅमेऱ्यात असतात आणि पाय कुठे आहेत, याचा पत्ता नसतो.

पहिला नर डबक्याच्या काठावर, शेवाळाच्या कडेला बसला होता. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा असेल. मी योगासनांची जुनी चटई अंथरली, तिच्यावर पालथी झाले आणि कॅमेरा खडकाला टेकवला. खालून पाहिल्यावर सगळे जग बदलले. उभे राहून जो मातकट ठिपका दिसत होता, त्याच्या कुशीवर आता हळदीच्या बोटांचे ठसे उमटल्यासारखे पिवळे पट्टे दिसू लागले. त्वचेवरच्या प्रत्येक पुटकुळीवर पावसाचा वेगळा थेंब होता. गळ्याची पिशवी फुगली की शेजारच्या पाण्यावर बारीक तरंग उठत, आणि त्या तरंगांत माझ्या टॉर्चचा प्रकाश तुटून जाई.

इथे तंत्राविषयी काही सांगते. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स प्राण्याची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराएवढी देते तेव्हा ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ११ इतके लहान ठेवूनही स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक-दीड मिलिमीटर असते. डोळा स्पष्ट आला की नाकपुडी धूसर होते. अशा वेळी फोकसची कडी फिरवत बसू नये. ती एका जागी ठेवून स्वतःच तांदळाच्या दाण्याएवढे पुढे-मागे व्हावे आणि डोळा स्पष्ट दिसला की शटर दाबावे. एफ १६ च्या पुढे ॲपर्चर लहान केल्यास खोली वाढते, पण चित्राची धार बोथट होते. आणि ओल्या त्वचेवर उघडा फ्लॅश वापरल्यास पांढरे डाग पडतात. मी दुधी प्लास्टिकचा डबा कापून त्याच्या आत ट्रेसिंग पेपर चिकटवला आहे आणि तो फ्लॅशवर बसवते. प्रकाशाचा स्रोत प्राण्याच्या तुलनेत जितका मोठा, तितकी चमक मऊ होते. विकत मिळणाऱ्या महागड्या उपकरणांपेक्षा हा डबा मला अधिक भरवशाचा वाटतो.

पहिल्या अर्ध्या तासात मी त्या नराचे केवळ डोळे आणि चेहरा टिपत राहिले. मग उजाडू लागले, तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, "मावशी, तो कुठे बसला आहे, ते तुझ्या एकाही फोटोत नाही." त्याचे म्हणणे खरे होते. ज्या डबक्यासाठी हा जीव वर्षभर दडून राहतो, ते डबकेच मी चौकटीबाहेर ठेवले होते. मी रुंद कोनाची लेन्स लावली, फ्लॅश बंद केला आणि पहाटेच्या निळसर प्रकाशात खडक, डबके, वाऱ्याने वाकलेले गवत, मागचे धुके आणि मधोमध काठावर बसलेला तो बोटभर जीव अशी चौकट घेतली. या सहलीत काढलेल्या शेकडो छायाचित्रांतले तेच एक मी मोठे करून भिंतीवर लावले आहे. लहान प्राण्याचे छायाचित्र घेताना आपण त्याला त्याच्या जागेपासून तोडून सौंदर्यवस्तू बनवतो, आणि मग तो नेमका कशावर जगतो, हे पाहणाऱ्याला कधीच कळत नाही. या भेकाच्या बाबतीत तर ही चूक फार महाग आहे, कारण सडा गेला तर तो जाणार आहे.

त्याच डबक्याच्या तळाशी, पाण्याखालच्या खडकाला चिकटलेली अंडी दादांनी दाखवली. पाऊस दोन-चार दिवस उघडला तर हे पाणी आटून जाते, असे ते म्हणाले आणि आभाळाकडे पाहू लागले. मीही पाहिले. त्या क्षणी मला पाऊस थांबावा असे अजिबात वाटत नव्हते, जरी माझ्या खांद्यांवरून पाणी वाहत होते.

घरी परतल्यावर काकूंनी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ दिली. चहा किती झाला, ते मोजले नाही. नंतर आम्ही बूट आणि ट्रायपॉडचे पाय घासून धुतले आणि वाळवायला ठेवले. जगभर उभयचरांना मारणारी एक बुरशी पाण्यातून आणि चिखलातून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊ शकते, म्हणून एका ओढ्यावरून दुसऱ्या भागात जाताना बूट स्वच्छ करून पूर्ण कोरडे होऊ देणे ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

तिसरा दिवस: देवाचा मासा आणि एक अप्रिय रात्र

हिरण्यकेशीच्या मंदिरापाशी नदी खडकातून उगम पावते आणि पूर्वेकडे घटप्रभेला जाऊन मिळते. मंदिराच्या कुंडात राहणारा बोटभर मासा इथल्या लोकांसाठी देवाचा मासा आहे. त्याला कोणी पकडत नाही. प्रवीणराज, बालसुब्रमण्यन आणि तेजस ठाकरे यांनी २०२० मध्ये त्याचे शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने वर्णन केले, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. श्रद्धेने राखलेले कुंड नंतर कायद्याने राखले गेले, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटला.

माशाला पाण्याबाहेर काढून काचेच्या भांड्यात ठेवण्याचा विचारही इथे करू नये. आम्ही कुंडाच्या बाहेरच थांबलो, पोलरायझर फिल्टर फिरवून पाण्यावरचे प्रतिबिंब कमी केले आणि वरून चित्र घेतले. तळाच्या वाळूवरून तो अचानक सरके आणि थांबे. चाळीस प्रयत्नांत तीन चित्रे जमली. त्यांत माशाच्या अंगावरचे पट्टे दिसतात, पण डोळा दिसत नाही. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

जळवांविषयी थोडे. त्या चढणारच. घट्ट विणीचे लांब मोजे वापरावेत. जळू लागली तर नखाने तिच्या तोंडाची कड हळूच सरकवावी. तंबाखू किंवा मीठ टाकून तिला तडफडायला लावू नये.

रात्री मात्र असे काही पाहिले, जे विसरता येत नाही. दुसरा एक गट आमच्या आधीच एका झाडाखाली जमला होता. त्यांच्यापैकी एकाने झुडपातून उडता बेडूक हातात धरून आणला, तो लाल फुलांच्या फांदीवर बसवला, पाण्याची फवारणी केली आणि दहा-बारा जण एकामागून एक फ्लॅश मारू लागले. बेडूक उडी मारून गेला की पुन्हा पकडून तिथेच बसवत होते. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि पाय अंगाखाली ओढून घेतले होते. अशी चित्रे आपण नेहमी पाहतो आणि त्यांना दादही देतो. आता ती मी लगेच ओळखते: रात्री जागा असलेला, निर्धास्त बेडूक अशा घट्ट गोळा झालेल्या अंगाने बसत नाही, आणि ज्या झाडावर तो राहतो, ते झाड चित्रात सहसा नसतेच. दादा पुढे गेले, अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, "तेका हात लावू नकात, तो मरतलो," आणि बेडूक पाण्याकडे जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. गट थोड्या वेळाने निघून गेला. मी त्या वेळी पुढे होऊन बोलले नाही, हे मला सलते.

छायाचित्र प्रसिद्ध करताना त्यातील जीपीएसची नोंद काढून टाकावी आणि नेमकी जागा लिहू नये. दुर्मीळ सरपटणारे आणि उभयचर प्राणी पकडून विकणारे लोक अशा नोंदी शोधत असतात. तसेच वनविभागाच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय जाऊ नये, आणि स्थानिक वाटाड्याशिवाय तर मुळीच नाही. त्याला योग्य ते मानधन द्यावे. जंगल जिवंत राहण्यात त्याचे पोट असेल तर तो ते जपेल.

चौथा दिवस: काकूंचे परसू

दुपारच्या गाडीला वेळ होता, म्हणून बॅगा भरून आम्ही पडवीत बसलो होतो. काकू परसात शेणखताची जागा कुदळीने उकरत होत्या. अचानक त्यांनी हाक मारली. ढेकळाखाली वळवळणारा, जांभळट करडा, वीतभर लांबीचा जीव होता. भाचा म्हणाला, "गांडूळ आहे." काकू म्हणाल्या, "ह्या गांडूळ न्हय गो बाय, ह्याका तोंड आसा."

ते देवगांडूळ होते. पाय नसलेला, मातीत राहणारा हा उभयचर आहे, बेडकांचा नातलग. आंबोलीच्या मातीतून त्याच्या एका जातीचे वर्णन २००३ मध्ये झाले आणि तिला निसर्गतज्ज्ञ जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले गेले. आमच्यासमोरचा प्राणी त्याच जातीचा होता की नाही, हे वरवर पाहून ठरवता येत नाही. मी चार दिवस असे प्राणी जंगलात शोधत होते, आणि हा स्वयंपाकघराच्या मागे, आपल्या रोजच्या शेणखतात राहत होता.

मी मातीत पालथी झाले. अंगावरची वलये एकमेकींत सरकत होती, ओल्या लोकरीच्या घड्यांसारखी. डोळा त्वचेखाली दडलेला होता, आणि त्याच्या पुढे, नाकपुडीकडे, ओठाच्या वर एक बारीकसा मऊ स्पर्शक होता, जो तो बाहेर काढून पुन्हा आत घेत होता. हे अवयव मी पुस्तकांत वाचले होते. ते हलताना पाहण्याची अपेक्षा नव्हती. मातीचा ओलावा जाऊ नये म्हणून काकूंनी माठातले पाणी हाताने शिंपडले. मी दोन मिनिटे घेतली, पाच चित्रे काढली आणि थांबले.

काकूंनी कुदळीच्या पात्याने ढेकूळ हळूच होते तिथे सरकवून ठेवले आणि उकरण्याची जागा दोन हात पलीकडे नेली. मग हात पदराला पुसून त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते चित्र त्यांनी बराच वेळ पाहिले. तीस वर्षे आपण हा जीव गांडुळांबरोबर बाजूला सारत आलो, त्या म्हणाल्या, पण याला मिशी आहे, हे आज कळले. त्या चित्राची एक प्रत मी त्यांना पाठवून दिली आहे.